ड्रोन ऑन

इंग्रजीच्या वाड्यातल्या एका गृहस्थांशी ओळख करून देतो. नाव ‘ड्रोन ऑन’. ऐकणारा पेंगला तरी त्याच सुरात बोलत राहायचं, हा त्यांचा स्वभाव. कुणी तासभर आपल्या प्रवासाची हकीकत सांगत बसला, की ‘ही ड्रोन्ड ऑन अबाउट हिज ट्रिप’ म्हणत हे दारात हजर.

घराणं जुनं. ड्रोन म्हणजे मधमाश्यांतला नर. तो मध गोळा करत नाही, त्याला नांगीही नाही. गुणगुण मात्र भरपूर. त्या गुणगुणीवरून क्रियापद झालं. लग्नमांडवावर घिरट्या घालत फोटो काढणारं ड्रोनही याच कुळातलं. ब्रिटिशांनी १९३५ साली नेमबाजीच्या सरावासाठी ‘क्वीन बी’ नावाचं बिनवैमानिकाचं विमान उडवलं. राणीमाशी आली म्हटल्यावर मागून नर येणारच. अमेरिकन नौदलाने आपल्या विमानांसाठी ‘ड्रोन’ हे नाव घेतलं.

आपल्याकडे यांची चुलतभावंडं आहेत: चऱ्हाट, गुऱ्हाळ, पाल्हाळ. पण त्यांचं सगळं लक्ष लांबीकडे, यांचं सुराकडे. १९५७ मध्ये भारताचे प्रतिनिधी कृष्ण मेनन संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत काश्मीरवर जवळजवळ आठ तास बोलले. चऱ्हाट म्हणायचं तर म्हणा, पण त्या बोलण्यात धग होती. तिथे आमचे गृहस्थ पाऊल टाकणार नाहीत. मुद्दा सोडून भरकटणाऱ्यालाही ते आपला मानत नाहीत. त्याच्यासाठी ‘रॅम्बल ऑन’ नावाचे शेजारी आहेत.

‘ऑन’वर यांचा फार जीव. दोघांच्या मध्ये कुणाला बसू देत नाहीत. कर्म चालत नाही, विषय सांगायचाच तर ‘अबाउट’ लावून मागे उभा करायचा. फारच रंगात आले तर ‘ऑन अँड ऑन’. आणि माणसं यांचं नाव बहुधा दुसऱ्याबद्दल काढतात; स्वतःबद्दल काढलंच तर आवरतं घेताना, माफी मागत.

मला यांचा राग येत नाही. इंग्रजीत तानपुऱ्याच्या अखंड सुरालाही ड्रोनच म्हणतात. तोच षड्ज, तोच पंचम, तासन्‌तास. पण वर ख्याल उलगडत असतो, म्हणून पहाट झाली तरी मैफलीतून कुणी उठत नाही. हे बिचारे तानपुरा छेडत बसले आहेत, आणि गवई अजून यायचाच आहे.