रेल्वेची रेघ धरून : केनियाची दैनंदिनी (भाग दुसरा)

सोमवार, नैरोबी ते म्तितो अंदेई

आफ्रिका म्हटलं की आपल्याकडच्या टूरवाल्यांची गाडी मसाई मारावर येऊन थांबते. जुलै ते ऑक्टोबर तिथं विल्डबीस्टचे कळप मारा नदी ओलांडतात आणि ते बघायला जीपगाड्यांचेही कळप जमतात. मग एका दुपारी ‘सांस्कृतिक कार्यक्रम’: गावात नाच, मण्यांच्या माळा, फोटो. प्राणी एका डब्यात, माणसं दुसऱ्यात. मला ते नको होतं. म्हणून मारा सोडून आम्ही नैरोबी-मोम्बासा रेल्वे धरली. तिच्या दोन्ही अंगांना त्सावोचं जंगल आहे आणि टोकाला समुद्र.

तयारीचं विचारणाऱ्यांसाठी थोडं. मे महिन्याची सुट्टी इथं धरू नका, तेव्हा मोठा पावसाळा असतो. व्हिसाऐवजी २०२४ पासून ऑनलाइन प्रवास-परवाना लागतो. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी, कारण परतताना आपल्याच विमानतळावर तिचं प्रमाणपत्र मागतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. प्लास्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा, केनियात २०१७ पासून त्यांना बंदी आहे.

स्टेशनवर सामान जमिनीवर ओळीनं मांडायला लावलं आणि पोलिसांची कुत्री हुंगून गेली. ताईच्या चकल्यांच्या डब्यापाशी एक जरा रेंगाळलं.

मंगळवार, त्सावो पश्चिम

सकाळी शेतानीचा लाव्हा. काही शतकांपूर्वीच बाहेर आलेला, त्यामुळे अजून काळाकुट्ट आणि धारदार. चप्पल घालून चालू नये. सह्याद्रीही लाव्हाचाच, पण आपल्याकडे कोट्यवधी वर्षांत त्याची माती झाली. इथं अजून झुडपांनाही नीट पाय रोवता आलेला नाही.

दुपारी म्झिमाचे झरे. आजूबाजूला खरखरीत, तहानलेलं रान आणि मधेच ताडांच्या गर्दीत तळ दिसावा इतकं नितळ पाणी. हे पाणी उत्तरेच्या चुल्यू टेकड्यांवरचं. तिथली जमीन ज्वालामुखीची, सच्छिद्र. पाऊस वाहून न जाता आत मुरतो आणि जमिनीखालून गाळत गाळत इथं येऊन वर निघतो. काठाला पाण्याखाली उतरणारी एक काचेची खोली आहे. आम्हाला तिथून हिप्पो दिसले नाहीत, मासे मात्र थव्यांनी. रात्रभर काठावर चरून आलेले हिप्पो दिवसा पाण्यात शेण टाकतात, त्यावर किडे आणि मासे पोसतात, माशांवर पाणकावळे आणि मगरी. हिप्पो गेले तर हा सगळा संसार आटेल.

चालकानं सांगितलेली गोष्ट मला त्याहून मोठी वाटली. याच झऱ्याचं पाणी नळानं मोम्बासाला जातं. म्हणजे दोन दिवसांनी आम्ही तोंड धुणार ते याच पाण्यानं.

“मग ताई, हिप्पोंना नमस्कार करा,” भाऊजी म्हणाले. ताईनं खरंच केला.

बुधवार, त्सावो पूर्व

लाल हत्ती. इथली माती लाल आणि हत्ती ती अंगावर उडवून घेतात, एवढंच. पण अरुबाच्या पाण्यावर साठ-सत्तर विटकरी हत्ती एकदम आले की बोलणं बंद होतं. सिंह एकच दिसला, झुडपाखाली, जवळपास बिनआयाळीचा. त्सावोतले पुष्कळ नर असेच.

१८९८ साली रेल्वेच्या पुलाचं काम अडवणारे दोन सिंहही बिनआयाळीचेच होते. पॅटरसन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं ते मारले, पुस्तक लिहिलं आणि कातडी शिकागोच्या संग्रहालयाला विकली. त्या रेल्वेवर हिंदुस्थानातून आलेले सुमारे ३२ हजार मजूर राबले, अडीच हजारांच्या आसपास मेले, बहुतेक रोगराईनं आणि अपघातांनी. सिंहांच्या वाट्याला त्यातले थोडेच, पण सिनेमे निघाले ते सिंहांवर.

गुरुवार, मोम्बासा

न्याहारीला महामरी आणि म्बाझी: वेलची घातलेल्या फुगऱ्या तळलेल्या पुऱ्या आणि नारळाच्या दुधात शिजवलेली तूर. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

जुन्या शहराच्या गल्लीत हातगाड्यांवरून पिवळे कॅन चालले होते. पाणीवाले. म्झिमाचा नळ आहे, पण शहर वाढलं आणि पाणी सगळ्यांना पुरत नाही. परवाचा तो झरा आठवून मला त्या हातगाडीचा पाठलाग करावासा वाटला.

फोर्ट जीझस मात्र सावकाश बघावा. १५९३ साली पोर्तुगीजांनी प्रवाळाच्या खडकावर बांधायला घेतला. आराखडा काइराती या इटालियन वास्तुकाराचा, जो पोर्तुगीजांच्या हिंदुस्थानातल्या कारभाराचा मुख्य वास्तुकार होता. मोम्बासाचा कारभारच गोव्याहून चाले. १६९६ मध्ये ओमानच्या अरबांनी वेढा घातला तेव्हाही मदतीची जहाजं गोव्याहूनच निघायची. वेढा पावणेतीन वर्षं चालला. आत तलवारीपेक्षा रोगानं अधिक माणसं गेली. नंतर इंग्रजांनी किल्ल्याचा तुरुंग केला. भिंतीवर पोर्तुगीज शिपायांनी चितारलेली जहाजं अजून आहेत. मला तोफांपेक्षा ती आवडली.

शुक्रवार, काया किनोंडो

लिकोनीच्या फेरीबोटीतून खाडी ओलांडून दक्षिणेला. काया म्हणजे मिजिकेंडा लोकांची देवराई. किनाऱ्यावरच्या अशा अनेक राया २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. किनोंडोची राई दिगो समाजाची. आत जाताना कमरेला काळं वस्त्र गुंडाळायला देतात, पान-काटकीही उचलायची नाही.

आमच्या वाटाड्यानं औषधी झाडं दाखवली आणि काही वाटांना “इथं नाही” म्हणत वळसा घातला. भाऊजींनी कारण विचारलं. तो हसला आणि पुढे चालू लागला. मला ते आवडलं. नाच करून दाखवण्यापेक्षा काही न दाखवण्यात त्यांचा अधिकार अधिक दिसला. तिकिटाचे पैसे गावाला मिळतात, शेजारी किनाऱ्यावर हॉटेलं वाढत असताना ही तीसेक हेक्टरची झाडी उभी आहे.

बाहेर दियानीच्या रस्त्यावर डोक्यावरून दोरांचे पूल टांगलेले. कोलोबस माकडं त्यांवरून रस्ता ओलांडतात, गाड्यांखाली येऊ नयेत म्हणून. अर्धा तास थांबलो तेव्हा दोन गेली, एकीच्या पोटाला पांढरं पिल्लू.

उद्या लामू. विमानाला सामानाची मर्यादा पंधरा किलो आहे, ताईच्या डब्यांचं काय करायचं ते आज रात्री ठरेल.