छोट्या ट्रॅक्टरचे इंजिन आणि पंपाचे ओझे

छोट्या ट्रॅक्टरचे इंजिन नुसत्या एचपीवरून निवडता येत नाही, कारण त्यातली बरीच ताकद चाकांपर्यंत पोहोचण्याआधी हायड्रॉलिक पंप घेतो. किती घेतो, हा हिशेब सोपा आहे. मिनिटाला किती लिटर तेल आणि किती बार दाब, या दोहोंच्या गुणाकाराला ६०० ने भागले की किलोवॉट मिळतात. २० लिटर आणि १५० बार म्हणजे ५ किलोवॉट, सुमारे पावणेसात एचपी. पंपातली गळती आणि घर्षण धरले तर आठच्या आसपास. १५ एचपीच्या इंजिनाची ही निम्मी ताकद झाली.

लिफ्टने रोटाव्हेटर उचलताना हे ओझे क्षणभराचे असते, म्हणून जाणवत नाही. हायड्रॉलिक मोटरवर चालणाऱ्या अवजाराचे ओझे मात्र सतत असते. नाशिक जिल्ह्यातल्या नऊ फुटी ओळींच्या द्राक्षबागेत प्रस्तुत लेखकाला हे नुकसान सोसून कळले. बुंध्यालगतचे तण काढण्याचे असे अवजार एका सिलिंडरच्या, १५ एचपीच्या जुन्या ट्रॅक्टरला जोडले होते. ट्रॉली ओढताना किंवा ब्लोअरने फवारणी करताना या ट्रॅक्टरने कधी कुरकुर केली नव्हती. पण दाट तण लागले की इंजिन दबे, काळा धूर सोडी आणि बंद पडे. दुपारी पाणी उकळले. रेडिएटरच्या जाळीत उडालेले गवत गच्च बसले होते, हे उशिरा लक्षात आले. हेड गॅस्केट गेले आणि एप्रिल छाटणीच्या ऐन दिवसांत ट्रॅक्टर बारा दिवस मिस्त्रीकडे पडून राहिला.

ब्लोअर चालवणारे इंजिन इथे हरले, याचे कारण ओझ्याच्या स्वभावात आहे. ब्लोअरच्या फेऱ्या उतरल्या की पंख्याचे ओझेही झपाट्याने उतरते आणि इंजिनाला सावरायला वाव मिळतो. पंप फिरवायला लागणारा टॉर्क दाबावर ठरतो. फेऱ्या उतरल्या तरी तो कमी होत नाही. म्हणून फेऱ्या उतरताना इंजिनाचा टॉर्क किती वाढतो, ते पाहणे सर्वांत महत्त्वाचे. माहितीपत्रकावर ठळक छापलेला एचपीचा आकडा हे सांगत नाही. शिवाय एका सिलिंडरच्या चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे ताकदीचा स्ट्रोक एकच असतो, मधला भार फ्लायव्हील वाहते. तीन सिलिंडरांत तेवढ्यातच असे तीन स्ट्रोक होतात. कुबोटाच्या बी २४४१ मध्ये असे तीन सिलिंडरचे, ११२३ सीसीचे, २४ एचपीचे डिझेल इंजिन आहे.

एका सिलिंडरचे इंजिन वाईट नव्हे. ते डिझेल कमी पिते, आणि दुरुस्ती स्वस्तात, गावातच होते. फक्त सतत चालणारे हायड्रॉलिक काम त्याच्यावर टाकू नये.

थंड ठेवण्याची व्यवस्थाही तितकीच तपासावी: रेडिएटर मोठा हवा, त्याची जाळी हाताने काढून झटकता यावी, एअर फिल्टर धुळीच्या वर असावा. सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात का, हे दुकानात स्वतः जाऊन विचारावे.

पुढचा ट्रॅक्टर लेखकाने तीन सिलिंडरचा घेतला, तोही स्वतःचे अवजार जोडून, भर उन्हात तासभर चालवून आणि तापमानाचा काटा स्थिर राहिलेला पाहून. अशी चाचणी देण्यास विक्रेता तयार नसेल, तर तो ट्रॅक्टर घेऊ नये.