नवे इंजिन, जुना रेडिएटर

आमच्या धाकट्या भावाने कर्ज काढून ट्रकला नवे इंजिन बसवले आणि पहिल्याच खेपेला खंबाटकीच्या घाटात तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. घरात सारे इंजिनालाच बोल लावू लागले. मिस्त्रींनी प्रथम थंड इंजिनातली अडकलेली हवा काढून कूलंट पुन्हा भरले. इंजिन बदलताना अशी हवा राहून जाते. पंख्याचा पट्टा, थर्मोस्टॅट निर्दोष निघाले. तरी सपाटीवर शांत असणारा काटा चढावर उसळेच. दोष होता जुन्या रेडिएटरच्या क्षाराने बुजलेल्या नळ्यांत. थकलेल्या इंजिनाची उष्णता त्या कशाबशा वाहून नेत. नव्याचा जोर त्यांना पेलवेना. आणखी एखाद्या घाटात हेड वाकले असते आणि हप्ते थकले असते. वर्गात आम्ही परंपरा आणि नवता शिकवतो; तिथे या नळ्यांचा विषय कधी निघत नाही.