नेहमीचंच इंजेक्शन

फॉर्म इंग्रजीत होता. आईने तो उलटसुलट पाहिला आणि माझ्याकडे दिला. "कशाचं इंजेक्शन रे?" "काही नाही, नेहमीचंच असतं," म्हणत मी नातेवाइकाच्या रकान्यात सही केली. ॲप टाकताना 'आय ॲग्री' दाबतो ना, तेवढाच विचार करून.

महिनाभर तिचं डोकं दुखत होतं, डाव्या हाताला मुंग्या येत होत्या, म्हणून न्यूरोलॉजिस्टनी कॉन्ट्रास्टसह एमआरआय सांगितला होता. त्याआधी क्रिएटिनिन तपासून घेतलं होतं. ते कशाला, हे मी विचारलंही नव्हतं. मंगळसूत्र, कानातलं, केसांतल्या पिना माझ्या हातात देऊन ती आत गेली. बंद दारातूनही मशीनची धडधड ऐकू येत होती. मग मी मोबाइल काढला.

इंजेक्शन गॅडोलिनियमचं, म्हणजे एका धातूचं. शरीरातल्या पाण्यातले हायड्रोजनचे प्रोटॉन चुंबकात रांगेला लागतात, रेडिओलहरींनी विस्कटतात आणि परत जागेवर येतात. त्या परतण्यावरून चित्र बनतं. गॅडोलिनियम शेजारी असलं की ते लवकर परततात आणि टी-१ चित्रात ती जागा पांढरी दिसते. निरोगी मेंदूत रक्तातून बाहेर पडायची वाट त्याला बहुतेक ठिकाणी बंद असते. जिथे ते झिरपतं, तिथे गाठ, सूज, संसर्ग असू शकतो. थोडक्यात, डिबगिंगसाठी कोडमध्ये टाकलेली प्रिंटची ओळ. काम झाल्यावर ती काढायची असते. मी किती वेळा विसरलोय ते माझ्या टीमला विचारा.

सुटं गॅडोलिनियम विषारी, म्हणून ते दुसऱ्या रेणूत अडकवून देतात. मग बहुतेक सगळं लघवीवाटे निघून जातं. मूत्रपिंडं निकामी असतील तर रेंगाळतं. २००६ मध्ये अशा रुग्णांची त्वचा कडक करणाऱ्या एनएसएफ या आजाराशी त्याचा संबंध जोडला गेला. क्रिएटिनिन त्यासाठी होतं तर! २०१४ मध्ये जपानी डॉक्टरांनी वारंवार कॉन्ट्रास्ट घेतलेल्यांच्या मेंदूत त्याच्या खुणा दाखवल्या. २०१७ मध्ये युरोपने 'लिनिअर' प्रकारातल्या काही औषधांचा वापर थांबवला. धातूला पिंजऱ्यासारखा घट्ट धरणारा 'मॅक्रोसायक्लिक' प्रकार चालू ठेवला. अमेरिकेच्या एफडीएने त्याच वर्षी, थोडा अंश शरीरात उरतो अशी सूचना द्यायला लावली. मूत्रपिंडं नीट असलेल्यांना त्याचा थेट अपाय झाल्याचं आढळलेलं नाही, हेही सांगितलं.

टेक्निशियन बाहेर आला तेव्हा विचारलं, कोणतं दिलं? त्याने न वैतागता रिकामी बाटली आणून दाखवली. मॅक्रोसायक्लिक. हायसं वाटलं. पण सही केली तेव्हा मला हा शब्दही माहीत नव्हता.

रात्री लिंक उघडून एकेक स्लाइस पाहत बसलो. मेंदूच्या मधोमध दोन्ही बाजूंना पांढरे झुपके! झोप उडाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर हसले. कोरॉइड प्लेक्सस, तिथे ती वाट मुळातच उघडी असते, सगळ्यांचंच चमकतं. आईला मायग्रेन आहे म्हणाले.

संध्याकाळी मी तिला सगळं मराठीत सांगितलं. विषारी हा शब्दही गाळला नाही.

"मग गेलं का ते बाहेर?"

"बहुतेक सगळं."

ती जरा वेळ मेथी निवडत राहिली. "काल सांगितलं असतंस तरी घेतलंच असतं मी," ती म्हणाली. "विचारलं होतं मी तुला."