फुलांची देवी आणि मशालवाले दोघं

कुरुंदा कुठं आहे, सांगा पाहू? हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यात. हळदीच्या आणि केळीच्या मुलखातलं हे गाव. आजची आपली सफर तिथून सुरू होणार आहे आणि मुंबईतल्या एका कारंज्यापाशी संपणार आहे. "कारंजं बघायला इतक्या लांब?" असं म्हणू नका. त्या कारंज्याच्या चौकाचं आणि कुरुंद्याचं एक नातं आहे. ते कोणतं, ते तिथं गेल्यावरच कळेल.

कुरुंद्याहून एसटीनं वसमत, तिथून नांदेड. नांदेडला सकाळी तपोवन एक्सप्रेस पकडली की रात्री आपण मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी याच स्टेशनापासून दादाभाई नौरोजी रस्त्यानं सरळ चालू लागा. जुन्या दगडी इमारती आणि त्यांच्या कमानींखालचे फूटपाथ बघत पंधरा-वीस मिनिटं चाललात की एक मोकळा चौक लागतो. तिथं फिकट रंगाच्या दगडाचं एक उंच कारंजं आहे. हेच फ्लोरा फाउंटन.

अगदी वर उभी आहे ती फ्लोरा. प्राचीन रोममधल्या लोकांची ही फुलांची आणि वसंत ऋतूची देवी. तिच्या पायाखाली टप्प्याटप्प्यानं कोरीव काम उतरत आलं आहे. शिंपले आणि मासे शोधून काढा बरं! दगड आहे इंग्लंडमधला, पोर्टलँडचा. आराखडा केला रिचर्ड नॉर्मन शॉ यांनी आणि मूर्ती घडवल्या जेम्स फोर्सिथ यांनी. १८६४ साली हे काम झालं. आधी हे कारंजं भायखळ्याच्या बागेत, म्हणजे आजच्या राणीच्या बागेत, बसवायचं ठरलं होतं. पण शेवटी ते इथं आलं.

इथंच का? त्या काळी मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडून शहर मोकळं केलं जात होतं. तटाला जे दरवाजे होते, त्यांतला एक या जागेजवळ होता. जवळच्या सेंट थॉमस चर्चमुळं त्याला 'चर्चगेट' म्हणत. दरवाजा गेला, पण नाव राहिलं. चर्चगेट स्टेशनाला त्याच दरवाज्याचं नाव मिळालं आहे.

पुढं या कारंज्यावर रंगाचे थरावर थर चढले आणि मूळ दगड दिसेनासा झाला. मग मुंबई महानगरपालिकेनं त्याची नीट दुरुस्ती करून घेतली. जुना रंग काढला, कोरीव काम सावरलं. हे काम चालू असताना २०१८ साली जवळच खोदकामात ट्रामचे जुने रूळ सापडले. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली होती. म्हणजे कितीतरी वर्षं ते रूळ गुपचूप जमिनीखाली पडून होते! २०१९ च्या जानेवारीत कारंजं पुन्हा लोकांसाठी खुलं झालं.

आता क्षणभर दूर डेन्मार्कला जाऊ. त्यांच्या राजधानीत, कोपनहेगनमध्ये, एक मोठं कारंजं आहे. तिथल्या देवीचं नाव गेफियन. तिच्या हाती काय आहे, ओळखा! चाबूक आणि नांगर. पुढं जुंपलेत चार धिप्पाड बैल. गोष्ट अशी आहे की स्वीडनचा राजा तिला म्हणाला, "एका दिवसात आणि एका रात्रीत जेवढी जमीन नांगरशील तेवढी तुझी." गेफियननं आपल्या चार मुलांना बैल केलं आणि इतका खोल नांगर घातला, की जमिनीचा तुकडाच सुटून समुद्रात गेला. त्याचं बेट झालं. कोपनहेगन त्याच बेटावर वसलेलं आहे. हे कारंजं १९०८ साली खुलं झालं. पोळ्याला बैलांना झूल घालणाऱ्या आपल्या गावांतल्या मुलांना ही गोष्ट कुणी समजावून सांगायला नको.

डॅनिश लोकांनी कारंज्यावर आपल्या भूमीच्या जन्माची गोष्ट कोरली. आपल्या मुंबईतली फ्लोरा मात्र परकी. इंग्रजांनी आणली, रोमची देवी. मग आपल्या भूमीच्या जन्माची गोष्ट कुठं आहे?

थोडं पुढं बघा. एक शेतकरी आणि एक कामगार, दोघांनी मिळून मशाल धरली आहे. हे हुतात्मा स्मारक. मराठी बोलणाऱ्यांचं एक राज्य व्हावं आणि मुंबई त्यातच राहावी, म्हणून लोक झगडत होते. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच चौकात मोर्चा आला. पोलिसांनी गोळीबार केला. १५ माणसं गेली. पुढं चळवळ वाढत गेली आणि एकूण शंभराहून अधिक जणांनी प्राण दिले. म्हणून हा चौक आता हुतात्मा चौक.

आणि कुरुंद्याचं नातं? त्या दिवशी कुरुंदा मुंबई राज्यात नव्हतंच! सगळा मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला तो मुंबई राज्याला जोडला गेला. या राज्यात गुजराती मुलूखही होता. शेवटी १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. तेव्हा कुठं कुरुंदा आणि मुंबई एका मराठी राज्यात आली. आज कुरुंद्याचा मुलगा या चौकात 'आपली मुंबई' म्हणतो, त्याची किंमत इथं मोजली गेली आहे.

तेव्हा सहलीला गेलात तर फ्लोराचे शिंपले जरूर मोजा, पण मशालीपाशीही थांबा. आणि घरी आजी-आजोबांना एक प्रश्न विचारा, "१९५६ च्या आधी आपलं गाव कोणत्या राज्यात होतं?" सातारा, नांदेड, नागपूर, प्रत्येक ठिकाणाहून उत्तर वेगळं येईल. ती उत्तरं वर्गात एकमेकांना सांगा. सगळी जोडली, की महाराष्ट्राचा नकाशा कसा जुळत गेला ते तुम्हांला दिसेल.