किती वर्षांचा लागला?

आखातात असलेल्या माणसाला घरून फोन आला की आधी तब्येत विचारत असतील आणि मग पैसे, असे कुणालाही वाटेल. आमच्याकडे तसे नव्हते. दर दोन-तीन वर्षांनी एप्रिल महिना आला की सौभाग्यवतींचा एकच प्रश्न असे, "किती वर्षांचा लागला हो?" लागला म्हणजे व्हिसा.

मी १९९९ साली शारजाला गेलो. त्याआधी इथे उद्यमबागेत लेथवर होतो. तिथल्या इंडस्ट्रियल एरियात पंप आणि व्हॉल्व दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये टर्नर म्हणून लागलो आणि २०२२ साली त्याच वर्कशॉपमधून फोरमन होऊन परत आलो. तेवीस वर्षांत माझा व्हिसा नऊ वेळा रिन्यू झाला. गावात लोक म्हणत, "तो काय, दुबईला सेटल झालाय." शारजाला असला तरी आपल्याकडे दुबईच म्हणायचे. पण सेटल हा शब्द तिथल्या कामगाराला लागू पडत नाही. तुमचे राहणे नोकरीला बांधलेले, नोकरी मालकाला बांधलेली आणि मालकाने सही केली नाही तर तीस दिवसांत गाशा गुंडाळायचा. (आता पुष्कळांना त्याहून जास्त मुदत मिळते, पण आमच्या वेळी तीसच.) वीस वर्षे राहिलात म्हणून एकविसाव्या वर्षाचा हक्क मिळत नाही. प्रत्येक वेळी पाटी पुसून पहिल्यापासून.

मुदत संपत आली की कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कामाला पळणारा माणूस, वर्कशॉपच्या दारात येऊन नावे पुकारी. ज्याचे नाव आले त्याने चार फोटो द्यायचे. पासपोर्ट द्यायचा प्रश्नच नव्हता, तो आधीपासून कंपनीच्या कपाटात. असा पासपोर्ट ठेवून घ्यायला तिथल्या नियमाने मनाई आहे, पण "सेफ्टीसाठी" या एका शब्दात तो नियम कितीतरी कंपन्यांनी गुंडाळून ठेवलेला. मग टायपिंग सेंटर. एका गाळ्यात चार-पाच टायपिस्ट, बहुतेक केरळचे, खटाखटा अरबीत अर्ज टाइप करणार. अरबीत 'प' नाही, त्यामुळे तेवीस वर्षे सरकारदरबारी मी पाटील नसून बातील होतो. 'ळ' तर नाहीच, पण बेळगावचा 'ळ' इंग्रजी पासपोर्टातच हरवला होता, त्याचा दोष अरबांना देता येत नाही.

बेळगावचे आणखी एक लचांड झाले. नोव्हेंबर २०१४ पासून सरकारने गावाचे इंग्रजी नाव बदलले. माझ्या जुन्या पासपोर्टात जन्मस्थळ 'बेलगाम', नव्यात 'बेलगावी'. २०१५ च्या नूतनीकरणाला टायपिस्ट विचारतो, "भाई, तुम दो जगह पैदा हुआ?" आता सीमाभागातल्या माणसाने गावाच्या नावाचा इतिहास टायपिंग सेंटरच्या रांगेत उभे राहून कुठून सांगायला सुरुवात करायची? मी म्हटले, गाव तेच आहे, फक्त पाटी बदलली. त्याने खांदे उडवले आणि नव्या पासपोर्टाप्रमाणे टाइप केले.

सुरुवातीला व्हिसा तीन वर्षांचा लागे. २०११ च्या जानेवारीपासून खाजगी नोकरीतल्यांना तो दोन वर्षांचा होऊ लागला. ऐकायला हा एका वर्षाचा फरक, पण घरचे सगळे गणित त्यावर असते. तीन वर्षांचा लागला की बायको भिशीत नाव घालायची, सोनाराकडे जाऊन यायची. दोनचा लागला की फक्त भिशी. सोसायटीतून घराचे कर्ज काढले ते दहा वर्षांच्या हप्त्यांचे, आणि ते फेडणाऱ्याची नोकरी दोन वर्षांची. हे सोसायटीच्या मॅनेजरला कळत नव्हते असे नाही. आखाताचा माणूस म्हणून त्याने डोळे झाकून सही केली.

अर्ज, फी, शिक्के ही सगळी मंदूबची डोकेदुखी. आमची डोकेदुखी एकच, मेडिकल. दर नूतनीकरणाला सरकारी केंद्रात जाऊन रक्त द्यायचे आणि छातीचा एक्सरे काढायचा. रक्ताची कुणाला फारशी भीती नसे. एक्सरेची सगळ्यांना. आमच्या खोलीत आठ जण, चार दुमजली खाटा, एसी एक, खिडकी बंद. एकाला सर्दी झाली की आठवडाभरात आठही जण शिंकत. मेडिकलच्या आदल्या आठवड्यात कुणी खोकला तरी बाकीचे त्याच्याकडे वळून बघत.

त्याला कारण होते. २००५ साली आमच्याच खोलीतला मालवणकडचा एक जण मेडिकलला गेला तो परत खोलीवर आला नाही. एक्सरेत क्षय निघाला. त्याला दवाखान्यात ठेवून घेतले आणि पुढे तिथूनच विमानात बसवले. त्याची पेटी आम्ही भरली. बहिणीच्या लग्नाला म्हणून घेतलेला मिक्सर खोक्यासकट होता, तो पेटीत बसेना, तो सुट्टीवर जाणाऱ्या दुसऱ्या कुणाबरोबर महिन्याने पाठवला. सहा वर्षे तो माझ्या वरच्या खाटेवर झोपला होता. जाताना साधा निरोपही घेता आला नाही. एखाद्या देशाने येणाऱ्याची फुप्फुसे तपासून घ्यावीत, याला माझी हरकत नाही. पण आठ जणांच्या बंद खोलीत सहा वर्षे ठेवल्यावर जो आजार लागला, तो त्याने मालवणहून आणला असे धरून त्याला परत धाडणे, हे मला तेव्हाही पटले नव्हते, आजही पटत नाही.

२०१७ च्या एप्रिलमध्ये माझी पाळी आली. सातवे नूतनीकरण, म्हणजे मी त्यातला जुना गडी. बनियन काढले, छाती प्लेटला टेकवली, "सांस लो, रोको" झाले, घरी. इतर वेळी दोन दिवसांत निकालाचा मेसेज येई. या वेळी सोबतच्या चौघांना आला, मला नाही. तिसऱ्या दिवशी मंदूब मशिनपाशी आला आणि हळूच म्हणाला, "आपको वापस बुलाया है."

दुसरा एक्सरे काढला. मग तीन दिवस सकाळी उठल्याउठल्या बेडका डबीत घेऊन नेऊन द्यायचा. मला खोकला नाही, ताप नाही, वजन उलट वाढलेले. डॉक्टर एवढेच म्हणाले, की उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला डाग दिसतो. निकालाला आणखी काही दिवस लागणार होते. तेवढे दिवस मी कामावर जात होतो. लेथवर हात आपोआप चालतात, डोके मोकळे राहते, हा आमच्या धंद्याचा गुण म्हणा की दोष. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, तिच्या दोन वर्षांच्या फिया बाकी. सोसायटीचे पाच वर्षांचे हप्ते बाकी. ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांना २१ दिवसांच्या मूळ पगाराने आणि पुढच्या वर्षांना ३० दिवसांच्या. पॅकिंगच्या पुठ्ठ्यावर मी ते तीन-तीनदा मांडून पाहिले. फिया आणि हप्ते निघत होते. त्यानंतर घर कशावर चालणार, ते काही पुठ्ठ्यावर निघेना. पंचेचाळीस वर्षांच्या टर्नरला उद्यमबागेत पुन्हा कोण घेणार? तिथे तोवर सगळीकडे सीएनसी आलेले.

रात्री फोनवर नेहमीचा प्रश्न आला. मी म्हटले, "मेडिकल चाललंय." ती गप्प राहिली. मग म्हणाली, "इतके दिवस?" तिला मालवणवाल्याची गोष्ट माहीत होती.

निकाल सांगायला एक बाई डॉक्टर होत्या, इजिप्तच्या असाव्यात. मला म्हणाल्या, जंतू सापडले नाहीत, जुना भरलेला व्रण आहे. मी विचारले, "मग घरी कधी पाठवणार?" त्यांना आधी माझे हिंदी कळले नाही. कळल्यावर त्यांनी हाताने नाही नाही केले. २०१६ साली तिथल्या मंत्रिमंडळाने नियम बदलला होता. नूतनीकरणाच्या वेळी छातीत जुना किंवा चालू क्षय दिसला तरी माणसाला देशाबाहेर काढायचे नाही, गरज असेल त्याला तिथेच औषध द्यायचे आणि एक वर्षाचा सशर्त फिटनेस दाखला द्यायचा. आमच्या कॅम्पात ही गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. पेपरात आली असणार, पण एक्सरेच्या रांगेत पेपर वाचून कोण उभा राहतो?

त्या रात्री बायकोला उत्तर दिले, "एक वर्षाचा." एक वर्षाचा व्हिसा आमच्या घरात पहिल्यांदाच ऐकला. ती म्हणाली, "एक तर एक. जेवलात काय?"

खरी कुरबूर पुढे ऑफिसात झाली. वर्षासाठीसुद्धा तेवढाच खर्च आणि पुन्हा मेडिकलची कटकट, म्हणून मॅनेजरने तोंड वाकडे केले. व्हिसाचा खर्च कायद्याने मालकाचा असतो. माझ्या पगारातून तो तीन महिन्यांत कापून घेतला. मी काही बोललो नाही. त्या वर्षी बोलण्याची माझी तयारी नव्हती.

जूनमध्ये सुट्टीवर आलो तेव्हा दोन्ही फिल्मा घेऊन बेळगावातल्या छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी त्या उजेडावर धरल्या आणि म्हणाले, असे डाग आपल्याकडे खूप जणांच्या छातीत असतात. जंतू शिरतो, शरीर त्याला आतल्या आत कोंडून टाकते, माणसाला पत्ताही लागत नाही. "तुम्हाला एक्सरे काढायला लावला म्हणून कळलं, नाहीतर कळलंही नसतं." व्रण कुठला, उद्यमबागेतला की शारजाच्या खोलीतला, हे त्यांनाही सांगता येईना.

२०१८ ला पुन्हा दोन वर्षांचा लागला. २०२० च्या एप्रिलमध्ये तर कोरोनाने सगळेच बंद. १ मार्चनंतर संपणाऱ्या रेसिडेन्सी वर्षअखेरपर्यंत चालतील असे आधी जाहीर झाले आणि जुलैत तो निर्णय मागे घेतला. मग केंद्रांपुढे जी झुंबड उडाली ती सांगायलाच नको. एक्सरे निघाला, डाग होता तसाच होता, शिक्का पडला.

२०२२ च्या मार्चमध्ये सोसायटीचा शेवटचा हप्ता गेला. मुलगी पुण्यात नोकरीला लागली होती. एप्रिलमध्ये मंदूब नावे पुकारत आला तेव्हा मी म्हटले, माझे रिन्यू करू नका, कॅन्सल करा. त्याला वाटले मी चेष्टा करतोय. तेवीस वर्षांत कुणी पुकारल्यावर नाही म्हणालेले त्याने पाहिले नसावे. सगळे पैसे मिळाले अशी सही आधी करायची आणि पैसे नंतर मिळायचे, ही तिथली तऱ्हा. पण मिळाले, थोडी घासाघीस होऊन. त्याच महिन्यात तिकडे पासपोर्टावर व्हिसाचा स्टिकर लावणेच बंद झाले, आता एमिरेट्स आयडीचे कार्डच व्हिसा म्हणून चालते.

२०२३ पासून माझा पुतण्या दुबईत आहे, एसीच्या डक्टचे काम करतो. त्याचा पासपोर्ट त्याच्याच जवळ असतो. नोकरी गेली तर म्हणून सक्तीचा विमाही त्याला काढावा लागतो, वर्षाला ६० दिरहम. २०२५ ला त्याचे पहिले नूतनीकरण झाले. आदल्या रात्री त्याचा फोन आला, "काका, एक्सरेला काय काय लागतंय?" मी म्हटले, गळ्यातली साखळी काढून ठेव, आधीचा एक्सरे असला तर बरोबर ने, आणि निकालाला चार दिवस उशीर झाला तर घाबरू नकोस, केंद्रात जाऊन स्वतः विचार. चौथ्या दिवशी त्याने कार्डाचा फोटो पाठवला. मी चष्मा शोधत होतो, तोवर सौ.ने मोबाइल हातातून घेतला आणि मागची बाजू, पुढची बाजू करत तारीख बघू लागली.