माहेरी आलेली आत्या हॉटेलात उतरली



गेल्या डिसेंबरात बाबांचं सहस्रचंद्रदर्शन केलं. त्यासाठी इंदूरहून आत्या आली. बडोद्यात जन्मलेली, बडोद्यातच वाढलेली माझी चौऱ्याऐंशी वर्षांची आत्या त्या दिवशी पहिल्यांदा बडोद्यातल्या हॉटेलात उतरली. बुकिंग मी केलं होतं. त्यात काय काय चुकलं ते लिहिते, कारण आपल्यातल्या बऱ्याच घरांवर ही वेळ आता येतेच आहे.

रावपुऱ्यामागे आमचा वाडा होता. कार्य निघालं की माडीवर ओळीनं गाद्या पडायच्या, आणि पाहुणे झोपणार कुठे हा प्रश्न कधी कुणाला पडला नाही. वाडा बिल्डरला दिला त्याला बरीच वर्षं झाली. आता आम्ही मांजलपूरला, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, लिफ्ट नाही. आत्याच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. मी हॉटेलचं नाव काढलं तेव्हा बाबा म्हणाले, "अक्का माहेरी येऊन हॉटेलात राहणार? त्यापेक्षा मला कार्यच नको." दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. म्हणून मी ठरवलं, हॉटेलच घ्यायचं तर चांगलं घ्यायचं. अलकापुरीतलं मोठं, बिझनेसवाल्यांचं, चकचकीत.

पहिली चूक इथेच झाली. कार्य दांडिया बाजारातल्या हॉलमध्ये, आणि हॉटेल स्टेशनच्या पलीकडे. मोबाइलवर अंतर थोडंसंच दिसतं हो, पण मध्ये रेल्वेचे रूळ आहेत. बडोदेकरांना अलकापुरीचं गरनाळं सांगायला नको. पावसाळ्यात पाणी भरलं की बंद, आणि डिसेंबरात परदेशातली मंडळी लग्नांना आलेली, रस्त्यात वरघोडे. वाटेत आत्या गाडीत पाऊण तास बसून होती. हॉटेल "शहराच्या मध्यात" आहे एवढं वाचून भुलू नका. तुमचं कार्य जिथे आहे तिथून, त्याच वेळेला, एकदा स्वतः जाऊन बघा.

दुसरी चूक वेळेची. आत्या आणि आतेबहीण रात्रीच्या गाडीनं निघून पहाटे पोचल्या. खोली दुपारी दोनला मिळणार हे बुकिंगवर लिहिलेलं होतं, मी वाचलंच नव्हतं. मला वाटलं, एवढं मोठं हॉटेल, खोली काय, देतीलच. आदल्या रात्रीचं हॉटेल भरलेलं, देणार कुठून? आत्या लॉबीतल्या त्या खोल सोफ्यात बसली, आणि त्यातून तिला स्वतःहून उठता येईना. तिथल्या एका मुलानं, गुजरातीच होता, जेवणाच्या टेबलाची सरळ पाठीची खुर्ची आणून दिली, "बा, अहीं बेसो" म्हणाला आणि चहा आणला. खोली साडेअकराला मिळाली. तोवर ती एकदाही कुरकुरली नाही, त्यामुळे मलाच जास्त लागलं. पहाटे पोचणारं माणूस असेल तर आदल्या रात्रीपासूनचं भाडं भरा, नाहीतर लवकर खोली देण्याचं हॉटेलकडून लिहून घ्या. फोनवरचं "बघू" धरून चालू नका.

तिसरी गोष्ट न्हाणीघर. फोटोत बाथटब बघून मी खूश झाले होते. आता सांगा, नवे गुडघे घेऊन आत्या टबाच्या काठावरून पाय टाकणार कसा? धरायला दांडी नाही, फरशी गुळगुळीत. आतेबहिणीनं तिला दाराशी स्टुलावर बसवून बादलीनं आंघोळ घातली. खालच्या मजल्यावर शॉवरची सपाट खोली, दांडीसकट, होती म्हणे. मी विचारलंच नव्हतं. घरात वयस्कर माणूस असेल तर आधी न्हाणीघराचं विचारा, मग बाकीचं. आणि दोन वेगळे पलंग हवेत हेही आधीच सांगा.

पैशाचंही सांगते. हॉटेलच्या खोलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बदललाय. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के, त्यावर गेली की १८ टक्के. म्हणजे ७,४०० ची खोली करासकट ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. दोनशेच्या फरकाचे जवळजवळ बाराशे होतात! मी करासकटचा आकडा बघितलाच नव्हता. शिवाय स्वस्त दिसणारं बुकिंग रद्द केलं तर पैसे परत मिळत नव्हते. आमच्याकडे कुणाची तब्येत बिघडली असती तर सगळेच गेले असते. आणि पोचल्यावर अनामत म्हणून कार्डावर रक्कम अडकवतात. डेबिट कार्ड दिलंत तर खात्यातले पैसे काही दिवस हातात नसतात, आणि ऐन कार्यात आचारी-गुरुजींना द्यायचे तेच असतात. पुण्याहून आलेल्या एका भाच्यानं "बार कितव्या मजल्यावर?" म्हणून विचारलं. बाळा, गुजरातेत १९६० पासून दारूबंदी आहे. बाहेरच्या पाहुण्याला परवाना काढावा लागतो.

संध्याकाळी आम्ही सात जण आत्याला भेटायला गेलो तर काउंटरवर प्रत्येकाचं ओळखपत्र मागितलं. नियमच आहे, त्यांची चूक नाही. पण बाबा खिसे चाचपत उभे राहिले. सख्ख्या बहिणीला भेटायला आधार कार्ड! नवरा स्कूटरवरून घरी जाऊन ते घेऊन आला. तोवर बाबा तिथेच त्या सरळ पाठीच्या खुर्चीत.

वर गेल्यावर आत्या खिडकीशी होती. खाली रूळ, स्टेशन, गाड्यांचे दिवे. तिनं विचारलं, "आपला वाडा कुठल्या अंगाला रे?" बाबांनी रुळांच्या पलीकडे बोट केलं. "दिसत नाही," ती म्हणाली. "नाहीच्चै तर दिसणार कुठून," बाबा म्हणाले, आणि दोघंही हसले. मी खोलीभर चपला गोळा करत फिरले, कारण माझ्याच्यानं तिथे उभं राहवेना.

दुसऱ्या रात्री आतेबहीण तयारीसाठी आमच्याकडे झोपायला आली आणि तिच्या पलंगावर बाबा राहिले. जे हॉटेलला नको म्हणत होते तेच. आधार कार्ड या वेळी बरोबर होतं. सकाळी घ्यायला गेले तर दोघं नाश्त्याला बसलेले, इडली बाजूला सारून बाबा पोहे मागत होते आणि आत्या म्हणत होती, "इंदूरला ये, पोहे काय असतात ते कळेल." रात्री एक वाजेपर्यंत जागे होते म्हणे. काय बोलले ते दोघांनीही सांगितलं नाही.

निघताना आत्या मला म्हणाली, "पुढच्या वेळी खालच्या मजल्यावरची खोली घे बरं का, दांडीवाली." पुढच्या वेळी म्हणाली, हेच मी धरून बसलेय.

तुमच्याकडे वाडे गेल्यावर माहेरवाशिणी कुठे उतरतात? इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगावची मंडळी, जरूर लिहा.